गळणारा दाणा, धरून ठेवलेला दाणा

तांदूळ निवडणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढ्यात ताट, खडे एकीकडे, तांदूळ एकीकडे. निवडणारं माणूस समोर असतं आणि आपल्याला काय हवंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. ‘नैसर्गिक निवड’ म्हटलं की आपला घोळ होतो तो याच सवयीमुळे. तिथे ताट घेऊन कुणीच बसलेलं नसतं.

तळ्याकाठी, दलदलीत देवभात उगवतो. हा रानटी भात. त्याची पिकलेली लोंबी नुसती हलवली तरी दाणे गळतात. दाण्याला लांबच लांब कुसळ असतं. दाणा जिथे देठाला चिकटलेला असतो तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. दाणा पिकला की तो थर सुटतो. लोंबी एकदम पिकतही नाही, शेंड्याकडचे दाणे आधी आणि खालचे मागून. चिखलात पडलेला दाणा घाईने रुजत नाही, पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो. हे सगळं त्या रोपाच्या वंशाच्या सोयीचं. कुणी ठरवून केलेलं नाही. ज्या रोपांचे दाणे असे पडले आणि तगले, त्यांचीच संतती मागे उरली. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

आता याच लोंबीपुढे विळा घेऊन माणूस उभा राहिला की हिशेब उलटा होतो. गळालेला दाणा चिखलात गेला. देठाला धरून राहिलेला घरी आला आणि त्यातलाच काही पुढच्या वर्षी बियाणं म्हणून पेरला गेला. हजारो वर्षं हे चाललं. दाणा न गळण्यामागचं एक महत्त्वाचं जनुक २००६ साली शास्त्रज्ञांना सापडलं. त्यातला बदल केवढा, तर एका प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल वेगळं. रानात हा बदल म्हणजे रोपाचा घात, शेतात तोच त्याचा तारणहार. त्या पहिल्या शेतकऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. डार्विननेही अशा नकळत होणाऱ्या निवडीचा वेगळा विचार केला होता. त्याच्या १८५९च्या ग्रंथाची सुरुवातच पाळीव प्राणी आणि पिकांपासून होते. त्यासाठी त्याने स्वतः कबुतरं पाळली होती.

जाणूनबुजून केलेल्या निवडीचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण आपल्या झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ वाणाच्या धानात तीन पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते दाणे वेगळे ठेवले, वेगळे पेरले, वर्षामागून वर्ष वाढवले. त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ आला. नाव तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं. त्या लोंब्यांमधला फरक दादाजींनी निर्माण केला नव्हता. तो आपसूक आलेला होता, रानात येतो तसाच. दादाजींनी केलं ते एवढंच, पण फार मोठं: हजारो लोंब्यांमधून तीन घेतल्या. माणसाची निवड झपाट्याने फळते ती यामुळे. निसर्गात किंचित सरस रोपाला किंचित जास्त संतती होते, इथे बाकीच्यांना संधीच नाही. आणि बारीक दाण्याचा रोपाला काय उपयोग? काहीच नाही. उपयोग ताटात आहे.

१९६६च्या आयआर-८ या बुटक्या भाताचंही तसंच. उंच शेजाऱ्यांमध्ये तो उन्हावाचून मागे पडला असता. पण शेतात सगळेच बुटके, आणि खत घातलं तरी पीक आडवं पडत नाही.

मात्र शेतात माणसाचीच निवड चालते असं समजू नका. धानाच्या बांधीत पाखड नावाचं तण येतं. निंदणारीच्या हाताला बुंध्याशी तांबूस, पसरट वाढणारं रोप लगेच सापडतं आणि उपटलं जातं. हिरवं, सरळ, धानासारखं दिसणारं तेवढं चुकून राहतं आणि बी धरतं. पिढ्यानपिढ्या असं होत काही पाखड धानाचं सोंग घेऊन बसलंय. हात माणसाचा, पण निंदणारीला पाखड मुळात नकोच होतं. म्हणून मी याला नैसर्गिक निवडच म्हणेन. खूण एक उरलीय. पान खोडाला मिळतं तिथे धानाला पापुद्र्यासारखी पांढुरकी जीभ असते, पाखडाला नसते. वाकून भराभर निंदताना एवढं बारीक कोण बघतं? बहुधा म्हणूनच ती खूण लपवायची पाळी पाखडावर अजून आलेली नाही.