२५२० 'एकमेव' नाही भाऊ

आमच्या गावच्या ग्रुपवर पोळ्यापासून तोच मेसेज फिरून राहिला, की १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या अन् ती रामानुजन यांनी शोधली. एकमेव नाही, सगळ्यात लहान आहे! ५०४०, ७५६० करून पाहा, २५२० च्या कोणत्याबी पटीला भाग जातेच. हा साधा लसावि आहे, ८ × ९ × ५ × ७, अन् लसावि तर युक्लिडच्या काळापासून माहीत. १ ते २० साठी काढला तर २३,२७,९२,५६० येते. रामानुजन यांनी १९१५ मध्ये भरपूर विभाजकवाल्या संख्यांवर मोठा पेपर लिहिला, २५२० त्याच जातीतली, तिले ४८ विभाजक, तिच्याहून लहान एकाही संख्येले एवढे नाहीत, पोट्ट्यांना हे सांगा ना, मले तर हेच जास्त भारी वाटते.