रीफ टँकमधला व्हाइट स्पॉट गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटसारखा हाताळू नका

सागरी माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, की ‘हीटर तीस अंशांवर न्या, थोडे मीठ टाका, पंधरा दिवसांत उतरेल’ हा सल्ला आजही हमखास मिळतो. सल्ला देणारा बहुधा गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे मासे पाळलेला जाणकार असतो आणि त्याच्या टाकीत हा उपाय खरोखरच लागू पडलेला असतो. म्हणूनच त्याचे ऐकले जाते आणि म्हणूनच रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या सागरी टाकीत, एकामागून एक टँग मासे दगावतात.

गोड्या पाण्यातला व्हाइट स्पॉट वाचकांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे त्याची उजळणी थोडक्यात करतो. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा सिलिएट (केसांसारख्या तंतूंनी पोहणारा एकपेशी) परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो, पोसला गेला की गळून तळाशी जातो, तिथे कोश करून विभागतो आणि त्यातून शेकडो पिल्ले नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. साधारण 25 अंश सेल्सिअसला हे सारे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, तीस अंशांच्या वर बहुतेक वेळा त्याची वाढच खुंटते, आणि लिटरमागे दोन-तीन ग्रॅम मीठ पोहत्या पिल्लांना सोसवत नाही. दोन आठवडे नेटाने उपचार केले की विषय संपतो.

समुद्री आजाराचा परजीवी क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स होय. तोही सिलिएट आहे, त्याच्याही त्याच चार अवस्था आहेत, तोही त्वचेखाली बसतो आणि ठिपकेही मिठाच्या कणांसारखेच दिसतात. वर्गीकरणात मात्र दोघे एकमेकांपासून बरेच दूर आहेत. ठिपक्यांचा आकार किंवा त्यांची संख्या यांवर चर्चा करण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण उपचार ठरवताना त्याचा काही उपयोग होत नाही.

खरा फरक कोशाच्या वेळापत्रकात आहे. गोड्या पाण्यात माशावरून गळलेला परजीवी उबदार पाण्यात साधारण दिवसभरात फुटतो आणि सगळी पिल्ले शाळा सुटल्यासारखी एकदम बाहेर पडतात. औषध त्या वेळी पाण्यात असले की सगळी सापडतात. क्रिप्टोकॅरियॉनचे कोश असे एकत्र फुटत नाहीत. एकाच रात्री, एकाच माशावरून गळलेल्या परजीवींपैकी एखाद्याचा कोश तीन दिवसांनी फुटतो, बहुतेकांचे चार आठवड्यांच्या आत फुटतात, आणि काही कोश 72 दिवसांपर्यंत मागे राहिल्याची नोंद आहे. कोश खडकाला, काचेला, वाळूला, गोगलगायीच्या शंखाला किंवा प्रवाळाच्या सांगाड्याला चिकटलेला असतो, आणि त्याच्या भिंतीआड तांबे किंवा अन्य औषध सहसा पोहोचत नाही.

याचा परिणाम फसवा असतो. माशावरची अवस्था तीन ते सात दिवसांची असल्याने ठिपके आठवड्याभरात आपोआप नाहीसे होतात, मग त्या आठवड्यात तुम्ही लसूण घातलेली असो, प्रवाळाला न बाधणाऱ्या औषधाची ‘रीफ-सेफ’ बाटली ओतलेली असो किंवा काहीच केलेले नसो. मालक निर्धास्त होतो; त्याच वेळी खडकांवर कोश विभागत असतात आणि एका कोशातून दोनशेपर्यंत पिल्ले निघू शकतात. पिल्ले प्रामुख्याने रात्री उशिरा आणि पहाटेच्या अंधारात, मासे एका जागी निजलेले असताना बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर काही तासांतच त्यांची लागण करण्याची क्षमता घटू लागते, पण घरगुती टाकीत मासा सापडायला तेवढा वेळ पुरतो. त्यातून वाचलेल्या माशांना काही महिने पुरणारी अंशतः प्रतिकारशक्ती येते, मग एक-दोन परजीवी फक्त कल्ल्यांत राहतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नवा मासा टाकला किंवा चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) बंद पडून मासे ताणाखाली आले, की आजार ‘परत’ येतो. वास्तविक तो कुठेही गेलेला नसतो.

म्हणून रीफ टँकला उपाय एकच आहे: सगळे मासे बाहेर काढायचे आणि टाकी 76 दिवस माशांविना चालू ठेवायची. हा आकडा म्हणजे त्या 72 दिवसांवर थोडी राखीव भर आहे. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी आत राहू शकतात, कारण हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. निरोगी दिसणारा एक मासा ‘पकडता येत नाही’ म्हणून आत ठेवला, तर उरलेल्या माशांना बाहेर काढण्याचा खटाटोप वाया गेला असे समजावे.

बाहेर काढलेल्या माशांवर तीन मार्गांनी उपचार करता येतात. पहिल्यात गोड्या पाण्यातला नियम नेमका उलटा होतो: तिथे मीठ वाढवतात, इथे कमी करतात. पाण्याची क्षारता दाखवणारे विशिष्ट गुरुत्व 1.025 वरून 1.009 वर आणून ते निदान महिनाभर तिथेच ठेवावे लागते, 1.012 वर थांबून ‘बरेच कमी केले’ म्हणण्यात काही हशील नाही, आणि त्यासाठी नीट कॅलिब्रेट केलेला रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजणारे उपकरण) हवा. कमी क्षारतेतही तग धरणारे काही प्रकार आढळले असल्याने या मार्गावर माझा फारसा भर नाही. दुसरा मार्ग तांब्याचा. आयनिक तांबे लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम या पट्ट्यात दोन आठवडे अखंड ठेवावे, रोज मोजावे, आणि नंतर माशाला दुसऱ्या निर्जंतुक टाकीत हलवावे, कारण उशिरा फुटणारे कोश हॉस्पिटल टँकमध्येही, म्हणजे उपचाराच्या टाकीतही, असतातच. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या) तांब्याची मात्रा वेगळी असते, ती बाटलीवर पाहावी. तांबे मुख्य टाकीत कधीही टाकू नये: प्रवाळ आणि कोळंबी मरतात, शिवाय खडक आणि वाळू ते शोषून घेतात.

मला पसंत आहे तो तिसरा मार्ग, स्थलांतराचा. त्यात औषध लागत नाही. कोश तीन दिवसांच्या आत फुटत नाही, म्हणून मासा दर 72 तासांच्या आत नव्या पाण्याच्या नव्या भांड्यात हलवायचा, असे चार वेळा करायचे, आणि जुने भांडे, हीटर, जाळे धुऊन खडखडीत वाळवायचे. परजीवी माशावरून गळतो, पण त्याचा कोश फुटण्याआधीच मासा पुढच्या भांड्यात पोहोचलेला असतो.

तापमानाबद्दल एवढेच, की क्रिप्टोकॅरियॉन उष्ण समुद्रांतला जीव आहे आणि तीस अंश त्याला सहज मानवतात. पाणी तापवल्याने त्यातला ऑक्सिजन घटतो, कल्ले आधीच जखमी झालेल्या माशाला धाप लागते आणि प्रवाळ पांढरे पडू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईत चिलरच्या विजेचे बिल भरणाऱ्या माणसाने उपचार म्हणून चिलर बंद करावा, हे मला कधीच समजलेले नाही. लसणाने फार तर भूक वाढते. क्लीनर रास या इतर माशांना साफ करणाऱ्या माशाचे मुख्य खाद्य नॅथिइड आयसोपॉड या किड्यासारख्या परजीवींची पिल्ले असते, त्वचेखाली बसलेला सिलिएट तो उकरून काढत नाही. यूव्ही (अतिनील) दिव्यामुळे पोहत्या पिल्लांची संख्या कमी होते, पण टाकी परजीवीमुक्त होत नाही.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. ठिपके मिठाच्या कणांऐवजी बारीक पिठासारखे असतील, मासा खाणे सोडून पंपाच्या प्रवाहात तोंड धरून धापा टाकत असेल आणि दोन-तीन दिवसांत मासे मरू लागले असतील, तर तो व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलोऊडिनियम असण्याची शक्यता जास्त आहे. त्यावर कमी क्षारतेचा उपयोग होत नाही आणि स्थलांतरावरही विसंबता येत नाही. तिथे त्याच दिवशी तांबे सुरू करावे.