रात्री बाराचा हिशेब पहाटे साडेपाचला

सोलापुरातल्या एका चादर कारखान्याचा दिवसाचा हिशेब रात्री बाराला आपोआप बंद व्हावा, अशी सोय मी करून दिली होती. चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला: "बारानंतर मागावरून उतरलेला माल कालच्या खात्यात कसा काय?" लॉग उघडला तर हिशेब पहाटे साडेपाचला बंद झालेला. साडेपाच दिसले की फार डोकं खाजवावं लागत नाही. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेवर चालतोय, आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे.

हे साडेपाच तास ठरले 1 जानेवारी 1906 ला, 82.5 अंश पूर्व रेखांश धरून. सोलापूर आहे 76 अंशांच्या आसपास, त्यामुळे आपल्या डोक्यावर सूर्य येतो तो सरासरी 12 वाजून 26 मिनिटांनी. त्याआधी तर रेल्वे मद्रास वेळेवर धावायची आणि मुंबईचं घड्याळ तिच्या अर्धा तास मागे असायचं. मुंबईनं आपली वेगळी वेळ पुढेही बरीच वर्षं, 1955 पर्यंत सोडली नाही. गिरणी कामगाराला यातलं काही बघायची गरज नव्हती. भोंगा झाला की निघायचं.

संगणकातला भोंगा म्हणजे क्रॉन, ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्राम. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीत तो होता. पुढे युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर रुळला तो 1987 मध्ये पॉल विक्सी यांनी लिहिलेला. तो मशीनचं घड्याळ मानतो, आणि टाइमझोनही सुरू होतानाच वाचून ठेवतो. म्हणून झोन 'आशिया/कोलकाता' केल्यावर क्रॉन रीस्टार्ट करावा लागतो. ('आशिया/मुंबई' शोधू नका, नाही.) रेड हॅट आणि डेबियन ही लिनक्सचीच दोन रूपं. रेड हॅटच्या क्रॉनमध्ये 'क्रॉन_टीझेड' लिहून एखाद्या कामापुरता झोन देता येतो. डेबियनच्या जुन्या क्रॉनला ते कळत नाही. तिथे नुसतं 'टीझेड' (टाइमझोन) लिहिलं तर स्क्रिप्टमधली, म्हणजे कामाच्या आज्ञांच्या फाइलमधली, तारीख बदलते, काम सुरू व्हायची वेळ तीच राहते. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

याच कामानं त्याआधी तीन रात्री वेगळाच त्रास दिला होता. हातानं चालवलं की पाच सेकंदांत पूर्ण, क्रॉनमधून काहीच नाही. क्रॉन तुमची बॅश प्रोफाइल, म्हणजे टर्मिनलसाठी केलेल्या तुमच्या सेटिंग्जची फाइल, वाचत नाही. 'पाथ'मध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांच्या यादीत, तो सहसा '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' एवढ्याच जागा धरतो, आणि आमचा प्रोग्राम होता '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये. असं झालं की मी दर मिनिटाला 'एन्व्ह' (असली सगळी सेटिंग्ज छापणारी आज्ञा) चालवून त्याचं आउटपुट फाइलमध्ये टाकणारी एक ओळ क्रॉनमध्ये घालतो आणि ती फाइल माझ्या टर्मिनलवरच्या 'एन्व्ह'शेजारी ठेवतो. फरक लगेच दिसतो. मग स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिला की झालं.

कारखान्याचा सर्व्हर शेवटी यूटीसीवरच राहू दिला. क्रॉनमध्ये 18:30 लिहिलं आणि वरच्या ओळीत कॉमेंट टाकली: 'आपले रात्रीचे बारा'. सोय अशी की त्या घटकेला सर्व्हरची तारीख अजून बदललेली नसते, त्यामुळे ज्या दिवसाचं खातं बंद करायचं त्याचीच तारीख हिशेबावर पडते.