दहा वर्षांची मुदत नेमकी कशाला होती?

जळगाव असो की धुळे, निवडणूक जवळ आली की ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच, 'बाबासाहेबांनी आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिलं होतं'. भाऊ, अर्धीच गोष्ट आहे ही. मुदत होती ती कलम 334 मध्ये, आणि ती फक्त लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना, म्हणजे आपल्या नंदुरबारची लोकसभेची सीट किंवा चोपडा, साक्रीसारखे मतदारसंघ. संसद ती दर दहा वर्षांनी वाढवत आली, शेवटची वाढ 104 व्या घटनादुरुस्तीने, जानेवारी 2030 पर्यंत.

नोकरीचं आरक्षण कलम 16(4) मध्ये, शिक्षणाचं 15(4) मध्ये, जे 1951 च्या पहिल्या दुरुस्तीत आलं, दोन्ही कलमं उघडून बघा, मुदतीचा एक शब्द नाही. शिवाय ही कलमं सरकारला मुभा देतात, सक्ती नाही, हे तर फॉरवर्डवाल्यांना कोणी सांगतच नाही.

आता गंमत ग्रामपंचायतीची. कलम 243घ बघा, तिथं एससी-एसटी जागा आणि सरपंचपद याच 334 च्या मुदतीला बांधलेत, पण महिलांच्या आरक्षणाला मात्र मुदत नाही, म्हणजे 334 संपलं तरी महिला सरपंचाची खुर्ची हलत नाही.