परत गेलेल्यांची मोजणी : आयलीन बार्कर आणि नव्या पंथांचा अभ्यास

‘कल्ट’ला मराठीत नेमका शब्द नाही. संप्रदाय म्हटलं की वारकरी, नाथ, महानुभाव डोळ्यांपुढे येतात आणि हात आपोआप जोडले जातात. बुवाबाजी म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो. या दोन शब्दांच्या मधल्या जागेत उभं राहून, निकाल न लावता आधी नीट पाहायचं, यात आयलीन बार्कर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंची सारी कारकीर्द गेली.

1970 च्या दशकात युरोप-अमेरिकेतली चांगल्या घरची, शिकलेली मुलं अचानक घर सोडू लागली. कोणी हरे कृष्ण म्हणत रस्त्यावर नाचू लागलं, तर कोणी कोरियाच्या सन म्युंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चमध्ये गेलं. या चर्चची स्थापना 1954 मध्ये सेऊलमध्ये झाली होती. पुणेकरांनी याच गोष्टीचं दुसरं टोक पाहिलं आहे. 1974 पासून कोरेगाव पार्कात रजनीशांचे भगव्या कपड्यांतले गोरे संन्यासी दिसू लागले. आपल्याला ते नवलाचे वाटत, पण त्यांचे आईबाप तिकडे रात्र-रात्र जागत असणार.

‘आमच्या मुलाला झालंय तरी काय?’ या प्रश्नाला एक तयार उत्तर होतं : ब्रेनवॉशिंग. कोरियन युद्धात पकडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या निमित्ताने गाजलेला हा शब्द आता धर्माला चिकटला. मुलाने स्वतः निर्णय घेतलेलाच नाही, असं एकदा मानलं की त्याला उचलून आणणं, खोलीत कोंडून त्याची श्रद्धा मोडून काढणं, हे सगळं योग्य वाटू लागतं. आणि तसं होतही होतं. त्यातच 18 नोव्हेंबर 1978 ला गयानातल्या जोन्सटाउन या एका अमेरिकी पंथाच्या वसाहतीत नऊशेहून अधिक माणसं मेली. भीती निराधार होती, असं कोण म्हणणार?

बार्कर यांचा जन्म 1938 मध्ये एडिंबरोत झाला. आधी त्या नाटकात होत्या, मग समाजशास्त्राकडे वळल्या आणि 1970 पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवू लागल्या. आमच्यावर लिहा, असं मून यांच्या अनुयायांनीच त्यांना सुचवलं. त्यांनी अटी घातल्या. सगळ्या सदस्यांची यादी हवी, मुलाखती कोणाच्या घ्यायच्या ते मी ठरवणार, आणि संशोधनाचा पैसा चर्चकडून घेणार नाही. तो सरकारी संशोधन परिषदेकडून आला. मग काही वर्षं त्या चर्चच्या केंद्रांत राहिल्या, शिबिरांना बसल्या, लांबलचक मुलाखती घेतल्या. आईवडिलांशी बोलल्या, सोडून गेलेल्यांनाही शोधून काढलं.

त्यांचं खरं मोठेपण मला दिसतं ते एका साध्या मोजणीत. जे सामील झाले त्यांच्याकडे सगळेच बघत होते. जे आले आणि परत गेले, त्यांना कोणी विचारत नव्हतं. 1979 मध्ये लंडन परिसरातल्या निवासी शिबिरांना हजाराहून अधिक लोक आले. तेच व्याख्यान, तेच जेवण, तीच आपुलकी सगळ्यांच्या वाट्याला आली. त्यातले सुमारे 90 टक्के सामील झालेच नाहीत. जे झाले, त्यांतलेही बहुतेक दोन वर्षांच्या आत आपल्या पायांनी बाहेर पडले. शिवाय मनाने दुबळी वाटणारी माणसंच तिथे टिकत होती, असंही नव्हतं. ज्या तंत्रापुढे माणसाचं काहीच चालत नाही असं म्हणतात, ते दहातल्या नऊ जणांवर का चाललं नाही? 1984 च्या त्यांच्या पुस्तकाने हा प्रश्न असा मांडला, की त्याला वळसा घालणं विरोधकांनाही जमलं नाही.

टीका मात्र झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. मून यांच्या चळवळीच्या खर्चाने होणाऱ्या परिषदांना त्या गेल्या होत्या. ‘कल्टच्या वकील’ हा शिक्का तिथून बसला. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या जपानी पंथाने सरीन हा विषारी वायू सोडला, तेव्हा काही अमेरिकी अभ्यासक त्या पंथाची बाजू घ्यायला धावले आणि सगळ्या विद्याशाखेची नाचक्की झाली. जुलै 2022 मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याने सांगितलं, की आईने युनिफिकेशन चर्चला दिलेल्या देणग्यांनी आमचं घर बुडालं. मार्च 2025 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने जपानमधलं हे चर्च विसर्जित करण्याचा आदेश दिला. माणूस स्वतःच्या मर्जीने आत गेला का, हे बार्कर यांच्या मोजणीतून कळतं. आत गेल्यावर त्याच्या घरच्यांचं काय होतं, हा हिशेब वेगळा आहे, आणि दोन्ही मांडायला हवेत.

सन्मान पुष्कळ मिळाले. ब्रिटिश अकादमीच्या त्या फेलो झाल्या. पण 1988 मध्ये उभी केलेली ‘इन्फॉर्म’ ही संस्था मला त्याहून मोलाची वाटते. ब्रिटिश गृहखातं आणि मुख्य प्रवाहातली चर्चेस तिच्या पाठीशी होती. आई, पोलीस, पत्रकार, कोणीही फोन करावा आणि एखाद्या पंथाबद्दल पडताळलेली माहिती घ्यावी. संस्थेच्या चर्चासत्रांत सदस्य, माजी सदस्य आणि पालक एकाच खोलीत बसत. घाबरलेल्या पालकांना बार्कर यांचं सांगणं साधं होतं : मुलाशी बोलणं तोडू नका. उद्या त्याला बाहेर पडावंसं वाटलं, तर घरचं दार उघडं आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे.