रोजगार, कोकणातील

मोबदला घेऊन केलेले काम म्हणजे रोजगार. 'रोज' हा फार्सी शब्द, अर्थ दिवस; मराठीत दिवसाच्या मजुरीलाही रोजच म्हणतात. कोकण किनाऱ्यावर मात्र मोबदला नेहमी रोजानेच मिळाला असे नाही. तो कामाच्या बदल्यात कामाने मिळाला, धान्याने मिळाला, वाट्याने मिळाला. महिन्याचा पगार बहुतेक घरांत मुंबईहून आला. हंगाम बुडाला तर तोटा कोणी सोसायचा, हे या प्रत्येक प्रकारात वेगळे ठरते.

सगळ्यांत जुना प्रकार सावडीचा. मृगाचा पाऊस स्थिरावला, तरवा, म्हणजे भाताची रोपे, तयार झाला की लावणीला मोजकेच दिवस हाती असतात. वाडीतल्या प्रत्येक घराला त्याच आठवड्यात माणसे हवी असतात आणि त्याच आठवड्यात कोणाच्याही खिशात पैसा नसतो. म्हणून आज सगळे तुमच्या शेतात, उद्या माझ्या. देणे दिवसांत मोजतात आणि ते कोणी विसरत नाही. वाडीत हातच उरले नाहीत तेव्हा सावडही मोडू लागली. आता पॉवर टिलर भाड्याने येतो.

खोती म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या हाती जमीन असण्याची पद्धत. तिच्यात हिशेब उलटा होता. कसणारे कूळ, उत्पन्नाचा मोठा हिस्सा खोताचा, वर वेठ. जास्त राबून हाती काही उरणार नसेल तर माणूस जास्त राबत नाही, आणि एक दिवस राबणेच थांबवतो. अलिबाग तालुक्यातील चरी येथे 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी तेच केले. हा संप सुमारे सहा वर्षे चालला. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा झाला 1949 मध्ये.

दरम्यान कोकणी माणसाने दुसरी वाट धरली होती. मुंबईत 1854 मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि पुढे गिरणगावाला रत्नागिरी जिल्ह्याने मोठ्या संख्येने कामगार पुरवले. पुरुष गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक, खोलीत दाटीवाटीने राहायचा, खानावळीत जेवायचा आणि उरलेले मनीऑर्डरने धाडायचा. बायको, मुले, म्हातारे गावी भातशेतीवर. या व्यवस्थेतला लाभ गिरणीमालकाचाही होता, हे सहसा बोलले जात नाही: कामगार आजारी पडला, थकला किंवा काम गेले की तो गावी जायचा आणि त्याला गाव पोसायचे. घरच्या तांदळाचा आधार होता म्हणून कमी पगार परवडत होता. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हाही कित्येकांनी गावचीच वाट धरली. गणपतीला रजा मिळाली नाही तर नोकरीवर पाणी सोडणाऱ्या चाकरमान्याचे किस्से सांगतात. त्यांत अतिशयोक्ती असेल, पण चाकरमानी पगार मिळवत होता तो गावातली पत राखण्यासाठीच, हे खरे.

पुरुष बाहेर गेल्याचे आकड्यांतही दिसते: 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात 1,036. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा घटलेली होती.

मासेमारीत वाटा चालतो. म्हावरे विकले गेले की डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च आधी वजा होतो. उरलेल्यात नौकेचा वाटा, जाळ्यांचा वाटा, तांडेलाचा, म्हणजे नौकेच्या म्होरक्याचा, मोठा, खलाश्यांचे लहान. म्हणजे जाळे रिकामे आले तर मालकाइतकाच खलाशीही बुडाला. मालकाकडे निदान नौका राहते. हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत खलाश्याला दुसऱ्या नौकेवर जाणेही अवघड. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा वाटा नाहीच. आता अनेक नौकांवर नेपाळी खलाशी पगारावर असतात: मासळी मिळो न मिळो, पगार द्यायचा. जोखीम मालकाकडे सरकली, आणि घबाड लागले तर तेही त्याचेच.

हापूसच्या बागांतही राखण, फवारणी, काढणी नेपाळी माणसे करतात. ज्या गावातली मुले कामासाठी मुंबईला जातात, त्याच गावात कामासाठी कोणी हिमालयातून येते, हे वरवर चमत्कारिक दिसते. यात केवळ मजुरीचा दर नाही. बागेतले काम काही महिन्यांचे, आणि बारावी झालेल्या मुलाला स्वतःच्या गावात 'गडी' म्हणवून घेणे जड जाते. तेवढ्याच पैशांत मुंबईत वॉचमन होणे चालते, कारण ते गावाला दिसत नाही.

जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम केलेला तो मुख्य कामगार, त्याहून कमी केलेला सीमांतिक. कोकणातल्या बाईला हे माप बसत नाही. पावसाळ्यात ती लावणी करते, उन्हाळ्यात काजू सोलायला कारखान्यात जाते, मे महिन्यात आमसुले वाळवते, मधल्या काळात घरची गुरे बघते. स्वयंपाक आणि पाणी भरणे या मोजणीत कामच नव्हे. प्रगणकाने दारात विचारले तर बहुधा तीच सांगते, ''मी काय करतंय, घरातच असतंय.''