‘मुलगा सज्ञान आहे’: नेत्यांच्या मुलांवरील टीकेची पार्श्वभूमी

मंत्र्याच्या मुलाचे नाव एखाद्या जमिनीत, कंत्राटात किंवा परीक्षेच्या निकालात आले की पहिल्या दिवसात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक मंत्र्यांचे: ‘मुलगा सज्ञान आहे, त्याचा व्यवसाय स्वतंत्र आहे.’ दुसरे विरोधकांचे: ‘वडील खुर्चीत नसते तर याला कोणी दारात तरी उभे केले असते का?’ दोन्ही वाक्ये जुनी आहेत. १९६४ पासून ती आयोगांच्या अहवालांत, संसदेत आणि न्यायालयांत एकमेकांसमोर उभी आहेत. कायद्याने ‘कुटुंब’ या शब्दाची जी कुंपणे घातली ती सगळी कमावत्या, सज्ञान मुलाच्या अलीकडेच थांबतात आणि वाद नेमका त्याच्यापासून सुरू होतो.

सुरुवात पंजाबची. प्रतापसिंग कैराँ १९५६ पासून मुख्यमंत्री होते. कर्तबगार आणि तितकेच धाकदपटशाचे. त्यांच्या मुलांची सिनेमागृहे, शीतगृह, वीटभट्ट्या बघता बघता उभ्या राहिल्या. कोटा-परवान्याचे दिवस होते. सिमेंट, लोखंड, जमीन, वीजजोडणी, प्रत्येक ठिकाणी सरकारी कागद लागे. त्यामुळे ‘धंदा स्वतःच्या हिमतीवर केला’ हे सांगणे अवघडच होते. केंद्राने माजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांचा आयोग नेमला. जून १९६४ मध्ये अहवाल आला आणि कैराँ यांनी राजीनामा दिला.

त्या अहवालात एक कसोटी आहे, ती आजही कोणी ओलांडलेली नाही. सज्ञान मुलाला धंदा करण्यापासून बाप कायद्याने रोखू शकत नाही, हे दास यांनी मान्य केले. पण मुले आपल्या पदाचा वापर करून घेत आहेत हे बापाला माहीत असेल, किंवा संशय यावा इतकी कारणे समोर असतील आणि तरी तो हातावर हात ठेवून बसला असेल, तर जबाबदारी त्याची. म्हणजे बापाने फोन केला होता का, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. त्याला दिसत होते का आणि दिसूनही त्याने काय केले, हे पाहायचे.

त्याच वर्षी भ्रष्टाचार प्रतिबंधावरच्या संथानम समितीच्या शिफारशींनंतर मंत्र्यांसाठी आचारसंहिता आली. मंत्र्याने स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता जाहीर करावी. सरकारला माल पुरवणाऱ्या किंवा प्रामुख्याने सरकारी परवाने, कोटा, भाडेपट्टे यांवर चालणाऱ्या धंद्यात कुटुंबीयांनी पडू नये, नेहमीच्या व्यवहारात बाजारभावाने झालेला पुरवठा सोडून. वाचायला कडक आहे. पण ‘कुटुंब’ म्हणजे पती किंवा पत्नी, अज्ञान मुले आणि पूर्णपणे मंत्र्यावर अवलंबून असलेले नातेवाईक. कैराँ यांची मुले या व्याख्येत बसलीच नसती. शिवाय संहितेला कायद्याचे बळ नाही. राज्यातल्या मंत्र्याच्या बाबतीत दाद मुख्यमंत्र्यांकडे मागायची, केंद्रातल्या मंत्र्याच्या बाबतीत पंतप्रधानांकडे.

आणि मुलगा पंतप्रधानांचाच असला तर? तो प्रश्न फार लांब नव्हता. १९७० मध्ये संजय गांधी यांना वर्षाला ५०,००० छोट्या मोटारी बनवण्याचे इरादापत्र मिळाले. अट होती की गाडी पूर्ण देशी हवी. परदेशी सहकार्य नाही, आयात यंत्रे नाहीत. हरियाणाचे मुख्यमंत्री बन्सीलाल यांनी गुडगावजवळ सुमारे ३०० एकर जमीन दिली, तीही लष्कराच्या दारूगोळा कोठाराला लागून. विरोधी खासदारांनी मारुतीचा, म्हणजे संजय यांच्या या कंपनीचा, विषय वर्षानुवर्षे लावून धरला. त्यांचे हत्यार होते प्रश्न. सभागृहात कोणावर बदनामीकारक आरोप करायचा तर नियम ३५३ प्रमाणे आगाऊ सूचना द्यावी लागते. प्रश्नात मात्र आरोप करावा लागत नाही, माहिती मागायची असते, आणि ती गोळा करायला खात्याला कामाला लागावे लागते.

एप्रिल १९७५ मध्ये ज्योतिर्मय बसू यांच्यासह काही खासदारांनी असाच प्रश्न टाकला: मारुतीकडे आयात यंत्रे गेली आहेत का? उत्तर तयार करायचे म्हणून उद्योग खात्याशी आणि पीईसी या सरकारी व्यापार महामंडळाशी संबंधित चार अधिकाऱ्यांनी माहिती जमवायला घेतली. मंत्रालयातले रोजचे काम. थोड्याच दिवसांत कोणाच्या घरावर सीबीआयचा छापा, कोणाचे निलंबन, कोणाची बदली. आणीबाणीतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे हे सगळे उघड झाले. लोकसभेत मधु लिमये यांनी तो विशेषाधिकारभंगाचा विषय केला. त्यांचा मुद्दा सरळ होता. सभागृहाच्या प्रश्नाचे उत्तर तयार करणाऱ्यांना त्रास देणे म्हणजे सभागृहालाच अडवणे. विशेषाधिकार समितीने इंदिरा गांधींना दोषी ठरवले आणि १९ डिसेंबर १९७८ रोजी, चिकमगळूरची पोटनिवडणूक जिंकून महिना-दीड महिनाच झाला असताना, त्यांचे सदस्यत्व गेले. अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगवासही झाला. (१९८१ मध्ये नव्या लोकसभेने तो ठराव रद्द केला.) मुलाच्या कारखान्याला जमीन कशी मिळाली यावरून ही शिक्षा झाली नाही. त्याच्याबद्दलची माहिती गोळा करणाऱ्यांना छळले यावरून झाली. नेत्यांच्या मुलांच्या प्रकरणांत मूळ व्यवहारापेक्षा तो झाकण्याची धडपडच अधिक अंगलट येते, त्याचे हे पहिले मोठे उदाहरण. कारखान्यातून गाड्या बाजारात आल्याच नाहीत, कंपनी न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळली गेली, आणि पुढे सरकारी मारुती उद्योगाने सुझुकीबरोबर डिसेंबर १९८३ मध्ये जी गाडी आणली तिने ते नाव घरोघर नेले. आज त्या नावामागचा हा इतिहास फारसा कोणाला आठवत नाही.

जनता राजवटीचे हात तरी कुठे स्वच्छ होते? पंतप्रधान मोरारजी देसाईंचे चिरंजीव कांती देसाई वडिलांसोबत राहत आणि त्यांचे खासगी कामकाज पाहत. त्यांच्यावरचे आरोप साठच्या दशकापासूनचे. १९७८ मध्ये चौकशीची मागणी खुद्द गृहमंत्री चरणसिंग यांनी केली. मग चरणसिंगांच्या नातेवाइकांची नावेही निघाली, आणि दोन्हींची चौकशी न्यायमूर्ती वैद्यलिंगम यांच्याकडे गेली. सरकार फुटण्याच्या कारणांत हा वाद मोजावा लागतो. त्याच वर्षी संरक्षणमंत्री जगजीवनराम यांच्या मुलाची खासगी छायाचित्रे एका मासिकाने छापली. मासिकाच्या संपादक होत्या मनेका गांधी, म्हणजे दुसऱ्या राजकीय घरातल्या सूनबाई. त्या छायाचित्रांत ना परवाना होता ना कंत्राट. पण जगजीवनराम यांची पंतप्रधानपदाची वाट त्यांनी अवघड केली. पदाचा गैरवापर आणि घरातली खासगी बाब यांची जी सरमिसळ आज रोज दिसते, तिचा नमुना इथे आहे.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणे या दोन्हींपेक्षा अधिक शिकवतात, कारण ती भाषणांत न राहता कागदांवर तपासली गेली.

पहिले १९८५ सालच्या मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेचे. मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीसह काही परीक्षार्थींच्या गुणांत फेरफार झाल्याची तक्रार घेऊन त्याच परीक्षेला बसलेले एक डॉक्टर उच्च न्यायालयात गेले. पुरावा म्हणजे गुणपत्रक: त्यातली खाडाखोड आणि त्यावरचे आकडे. एकसदस्यीय पीठाने मुख्यमंत्र्यांविरुद्ध निष्कर्ष काढला आणि मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी पद सोडले. पुढे खंडपीठाने तो निष्कर्ष सौम्य केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षाअखेर थेट पुरावा नसल्याचे, मात्र परिस्थिती संशयाला जागा देणारी असल्याचे म्हटले. ‘कोर्टाने दोषी ठरवले’ आणि ‘कोर्टाने निर्दोष सोडले’ ही दोन्ही वाक्ये या प्रकरणाबद्दल सर्रास लिहिली जातात. दोन्ही चूक आहेत. गुण बदलले हे एक आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलले हे दुसरे. पहिले सिद्ध झाल्याने दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

दुसरे पुण्याचे. एरंडवण्यातला प्राथमिक शाळेसाठी राखीव भूखंड आरक्षणातून मोकळा झाला आणि त्यावर बहुमजली इमारत उभी राहिली. विकसक होते मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई. जानेवारी १९९९ च्या अखेरीस जोशी पायउतार झाले, मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. इथे नस्तीच, म्हणजे सरकारी फाईलच, बोलली: महापालिकेची भूमिका आधी काय होती, नंतर का बदलली, मधल्या काळात मुख्यमंत्री कार्यालयातून काय विचारणा झाली. निलंगेकर प्रकरणात न सापडलेला दुवा इथे टिपणीवरच्या शेऱ्यांत आणि तारखांत होता. जावई ना ‘अज्ञान’ ना ‘अवलंबित’, हे सांगायला नकोच.

टिंगलीचा प्रवाह मात्र वेगळा आहे. ‘युवराज’, ‘दिवटे चिरंजीव’ हे शब्द मराठी वृत्तपत्रांना नवे नाहीत. समाजमाध्यमांनी त्याला पक्षी-प्राणी जोडले. २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईच्या राणीच्या बागेत आले, त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरात मेला, आणि आदित्य ठाकरे यांना विरोधकांनी कायमचे एक टोपणनाव चिकटवले. पेंग्विनवरचा खर्च हा महापालिकेच्या कारभाराचा रास्त प्रश्न होता. टोपणनावाच्या नादात तो मागे पडला. ठाकरे पितापुत्रांवरच्या अशाच मजकुरावरून ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरच्या एका तरुणाला अटक झाली. तोवर आदित्य स्वतः मंत्री होते, म्हणजे ‘नेत्याचा मुलगा’ राहिले नव्हते. स्वतः निवडून आलेल्याला बापाच्या आडोशाचा बचाव नाही, आणि त्याच्या टीकाकाराला लोकप्रतिनिधीवर टीका करण्याची पूर्ण मोकळीक हवी.

सीमा कुठे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात बऱ्यापैकी स्पष्ट केले आहे. कुटुंब, विवाह, अपत्ये, शिक्षण या खासगी बाबी. संमतीशिवाय त्यांवर लिहू नये. सार्वजनिक नोंदींत आलेल्या गोष्टींवर लिहिता येते, आणि सरकारी पदावरच्या माणसाच्या पदाशी निगडित वर्तनाला खासगीपणाची ढाल नाही. शाळकरी मुलाच्या दिसण्यावर, बोलण्यावर केलेली शेरेबाजी यातल्या कशातच बसत नाही.

आता कागद कुठे पाहायचे. निवडणुकीच्या नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्रात उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती यांची मालमत्ता असते. २०१९ पासून पाच वर्षांचे उत्पन्नही. सरकारी कंत्राटांचा रकानाही आहे, पण याच मंडळींपुरता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ मध्येही अपात्रता येते ती सदस्याने स्वतः केलेल्या कंत्राटाने. मुलाच्या कंत्राटाने आमदारकी जात नाही. याच महाराष्ट्रात ग्रामपंचायत सदस्याचे काय होते पाहा: कलम १४(१)(ज-३) खाली सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाने पद जाते, आणि घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात सदस्य राहत असला तरी ते त्याला लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सांगितले. सरपंचाला जो नियम आहे तो मंत्र्याला नाही.

मुलाच्या कंपन्या शोधायच्या तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालकाच्या नावाने सुरुवात करावी, मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था (एलएलपी) वेगळ्या तपासाव्यात. जमिनीसाठी सातबारा पुरत नाही. फेरफार नोंद आणि नोंदणी विभागाची इंडेक्स टू (दस्ताचा सारांश) घ्यावी, तिच्यात मोबदला आणि बाजारमूल्य शेजारी शेजारी असते. निर्णय कसा झाला यासाठी माहिती अधिकारात नस्तीचा टिपणी भाग आणि आवक-जावक नोंद मागावी. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येण्याची शक्यता आता जास्त आहे, कारण २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधला व्यापक जनहिताचा अपवाद काढला. जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८(२) मात्र शाबूत आहे. अपिलात ते नाव घेऊन लिहावे.

आरोप कोसळतात ते बहुतेक तारखांवर. कंत्राट मिळाले तेव्हा वडील त्या खात्यात नव्हतेच, किंवा कंपनीतून मुलगा आधीच बाहेर पडला होता, किंवा संचालक त्याच नावाचा दुसराच कोणी निघाला. म्हणून आधी तीन तारखा एका ओळीत मांडाव्यात: पद कधी मिळाले, कंपनी कधी निघाली, निर्णयावर सही कधी झाली. आणि एकाच नेत्याची लागोपाठची दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवावीत. पहिल्यात मुलगा ‘अवलंबित’ म्हणून असतो, चार तोळे सोने आणि एक बचत खाते घेऊन. पाच वर्षांनी त्याचा रकाना ‘लागू नाही’ असा येतो. त्याचे पुढचे सगळे दुसऱ्या पोर्टलवर.